भिंतीवरच्या रंकाळ्यात केंदाळ रंगवावं का?

भिंतीवाला_मास्तर
मी कोल्हापुरात चित्रकला शिकवतो. रंकाळा तलावापासून दोन गल्ल्या आत आमच्या तालमीची साठेक फूट लांब कंपाउंड भिंत आहे. पेठेतली पोरं आणि त्यांच्या आया मिळून तिच्यावर रंकाळा रंगवणार आहेत, दिवाळी झाली की सुरुवात.

पहिल्यांदा पोरांकडून कागदावर चित्रं मागवली. एकवीस आली. चौदांमध्ये राजहंस, तीनमध्ये डॉल्फिन. रंकाळ्यात डॉल्फिन! मग रविवारी सकाळी साडेसहाला सगळी वरात पदपथावर नेली आणि सांगितलं, दिसेल तेवढंच काढायचं. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी दिसले. टिबुकली बुडी मारून कुठं वर येणार यावर पैजा लागल्या. एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता, तो सगळ्यांना सोपा गेला.

आणि कडेला केंदाळ, म्हणजे जलपर्णी, ऐन फुलात. सातवीतल्या एका मुलीनं तेच काढलं. देठाचा फुगा, जांभळी पाकळी, वरच्या पाकळीवरचा पिवळा ठिपका. एकवीस जणांत सगळ्यात चांगलं चित्र तेच.

आता तालमीतली थोरली माणसं म्हणतात, "जे उपसायला आम्ही गुडघाभर गाळात उतरलो, ते भिंतीवर कशाला पुजायचं?" मुलगी म्हणते, "सर, दिसेल ते काढा असं तुम्हीच म्हणालासा." दोघांचंही पटतंय, म्हणून इथं विचारतोय.

दुसरं, भिंत खालून ओल धरते. मागं डिस्टेंपरवर वारली काढली होती, पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघाले. चूक माझीच, घाई केली.

पाणथळ_फिरस्ता
केंदाळ काढाच, पण नुसतं फूल नको. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचं म्हणून आपल्याकडं आणलं गेलं. फोफावतं ते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. म्हणजे नाला हे त्याचं खताचं पोतं. वर जाड थर झाला की खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे तोंड वर काढायला लागतात. भिंतीवर आधी नाल्याचं तोंड येऊ द्या, मग केंदाळ.

एक सूचना. कमळपक्षी काढणार असाल तर त्याची लांब शेपटी पावसाळ्यातच, विणीच्या काळात. वारकऱ्यांचे मोठे थवे हिवाळ्यात. एकाच पाण्यात दोन्ही कोंबू नका. आणि अंडी उबवतो तो कमळपक्ष्याचा नर, बाप! पोरांना हे सांगून बघा.

ब्रशवाला_सांगलीकर
मास्तर, डिस्टेंपर बाहेरच्या भिंतीला चालत नाही. जुना रंग तारेच्या ब्रशनं खरवडा, धुवा, चांगले आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, वर अॅक्रिलिक इमल्शन. घरातली पुट्टी लावू नका, फुगते. खालच्या दीड-दोन फुटांवर चित्रच काढू नका. तिथं मातकट रंगाचा चुना मारा. चुन्यातनं ओल बाहेर पडते आणि पोपडा निघाला तरी गाळासारखाच दिसतो.

पेठेतला_म्हातारा
केंदाळ काढा नाहीतर काढू नका, तळ्यातला दगडी संध्यामठ विसरू नका. पावसाळ्यात पाण्यात, उन्हाळ्यात उघडा. पाणी किती चढलं ते आम्ही त्याच्याकडं बघूनच ओळखायचो.

भिंतीवाला_मास्तर
संध्यामठामुळं भिंतीचा पेचच सुटला. डावीकडं पावसाळा, मठ कमरेपर्यंत पाण्यात, कमळपक्षी शेपटीसकट. उजवीकडं जाऊ तसं पाणी उतरत जाईल, मठ मोकळा, वारकरी. केंदाळ मध्ये, नाल्याच्या तोंडापासून सुरू. थोरल्यांना म्हटलं, केंदाळ उपसणारी माणसंही काढू, गाळात उतरलेली. तेव्हा कुठं आवाज खाली आले. एकानं तर आपल्या मिशा नीट काढायची अट घातली आहे.

बाप अंडी उबवतो हे ऐकून आया फार हसल्या. तो पक्षी रंगवायला बापांनाच बोलवायचं ठरलंय.

चुन्याचा सल्ला पटला, खालचे दोन फूट सोडतोय. राहता राहिला नाला. तो कुठल्या रंगात काढू, असं मुलगी विचारत होती. म्हटलं, रविवारी जवळ जाऊन बघू, नाकाला रुमाल आण.