गोष्टीतून कृती : 4 ते 7 वयाच्या मुलांचा वर्ग घ्यायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या आमच्या गावात शनिवारी दुपारी लहान मुलांसाठी गोष्टींचा वर्ग सुरू करते आहे. देवळाच्या अग्रशाळेतली एक खोली मिळाली आहे. दहा-बारा मुलं, वय 4 ते 7. घरी सगळी कोकणी बोलतात. शाळा कुणाची मराठी, कुणाची इंग्रजी. गोष्ट वाचायची आणि त्या गोष्टीतलंच काहीतरी मुलांनी हातांनी करायचं, असं डोक्यात आहे.

मला नुसता क्राफ्टचा तास नकोय. गोष्ट संपल्यावर चिमणीचं छापील चित्र रंगवायला दिलं की मूल रंगात रमतं आणि गोष्ट तिथेच राहते. हात चालताना गोष्टही पुढे सरकायला हवी.

शेजारची मुलं घरी बोलावून काऊ-चिऊची गोष्ट करून पाहिली. अंगणातली तांबडी माती मळून काऊचं घर (शेणाला बरेच जण हात लावायला तयार नव्हते), उरलेल्या मेणबत्त्या कोमट पाण्यात मऊ करून चिऊचं. मग तांब्याने वरून पाऊस पाडला. मातीचं घर बसलं, परातीत लाल पाणी झालं आणि सगळी एकदम गप्प. पाच वर्षांची एक मुलगी मेणाच्या घराचं दार बोटाने रुंद करत बसली. काऊ आत मावायला नको? मग चिऊने दार लगेच का उघडलं नाही, यावरून जे भांडण जुंपलं, ते पूर्ण कोकणीत. मला नेमकं हेच हवं होतं! पण चार वर्षांची मुलं तोवर पाण्यातच खेळत राहिली, 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते' म्हणायला कुणी उरलंच नाही.

तर कृती गोष्टीच्या मध्ये घ्यावी की शेवटी? चार आणि सात वर्षांची मुलं एकत्र बसवावीत का? मी मराठीत वाचते, मुलं कोकणीत उत्तरं देतात, ते तसंच चालू द्यावं ना? चित्रांचं एकच पुस्तक असलं तर मागच्यांना दिसत नाही, त्याचं काय करता? आणि पालक विचारतात, "वहीत काय लिहिलं?" त्यांना काय सांगावं?

जाणकारांनी अनुभव लिहावेत.

सुरंगी : ताई, छान सुरुवात आहे. मी मडगावला बालवाडी घेते. गोष्ट आधी एकदा सलग, काहीही हातात न देता. दुसऱ्यांदा सांगताना कृती. पालुपद पाठ झालेलं असलं की लहानगी पाण्यातून मान वर करून म्हणतातच. वय वेगळं करू नका, कामं वेगळी द्या. मोठ्यांनी घर बांधायचं, धाकट्यांनी पाऊस पाडायचा. कोकणीत बोलू द्या, खुशाल!

पाटो_वाचक : प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोकणी दोन्ही पुस्तकं मोफत आहेत. खुल्या परवान्याची असल्यामुळे पानं मोठी छापून भिंतीला लावता येतात, मागच्यांचा प्रश्न सुटेल. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथे आधी पुस्तकं चाळून घ्या. बुकवर्म या संस्थेचं मुलं आणि पुस्तकं यांवरचं काम गोव्यात बरीच वर्षं चालू आहे, त्यांनाही भेटा. पालकांना मात्र सांगत बसू नका, एका शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं आत बसवा.

धागाकर्ती : सुरंगीताई, 'आधी सलग' हे फार पटलं. धाकट्यांना पाऊस देणं तर सुचलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घेते. आत निदान बाहुली बसेल एवढा तांबडा भोपळा फोंड्याच्या आसपास कुणाकडे असेल तर कळवा, मी येऊन नेईन.