निकालानंतर आळंदी: विसावा की पळवाट?

इंद्रायणीकाठचा

२०२४ ची विधानसभा: वीस नोव्हेंबरला मतदान, तेवीसला निकाल आणि सव्वीसला आळंदीची कार्तिकी एकादशी. यंदा तारखा अशा लागून आल्या की अंगावरचा गुलाल पुरता धुवायच्या आत लोक इंद्रायणीच्या घाटावर पोचले होते. त्यात जिंकलेले होते, हरलेले होते आणि 'कोणीही येवो, आपल्याला काय' म्हणणारेही होते.

गेली अडीच वर्षं आपण काय काय पाहिलं! जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. बारामतीत लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय, विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या. बीडला लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांनी लागला आणि नंतर कोणी कोणाच्या दुकानातून माल घ्यायचा, इथवर गोष्टी गेल्याचं आपण वाचलं. पक्षांची मला फार काळजी नाही, त्यांचं कधीही जुळतं. निकालाला आठवडा झाला तरी मुख्यमंत्री ठरला नव्हता, पण तेही ठरलं. भाऊबंदांचं काय?

म्हणून म्हणतो, थोडे दिवस थांबा. बातम्यांचे चॅनेल बंद करा आणि ताटीचे अभंग वाचा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेरून जे म्हटलं ते हे अभंग, अशी परंपरा सांगते. 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा. विश्व रागे झाले वन्ही, संती सुखे व्हावे पाणी.' निवडणुकीनंतर याहून नेमकं मला काही सापडलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

(आता कोणीतरी पसायदानातलं 'खळ नव्हेत, खळांची व्यंकटी' सांगायला येईल. ते सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचं बोला.)

स्पष्टवक्ती

पुढचंच बोलते. पाणी कोणी व्हायचं?

ज्याच्या घरासमोर डीजे लावून मिरवणूक थांबवली त्याने? लेकीच्या शिक्षणासाठी आरक्षणाकडे डोळे लावून बसलेल्याने? की ज्याच्या सोयाबीनला हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळाले, त्याने? 'आता सगळं विसरा, शांत व्हा' हे वाक्य मी आजवर जिंकलेल्यांच्या किंवा ज्यांचं काहीच अडलेलं नाही त्यांच्याच तोंडून ऐकलंय. हरलेल्याने ते स्वतःहून म्हटलं तर मोठेपणा. दुसऱ्याने त्याला म्हणायला लावलं तर दडपशाही, मग तोंडात अभंग असो नाहीतर आणखी काही.

आणि विसाव्याबद्दल म्हणाल तर, अठ्ठावीस नोव्हेंबरला आळंदीत माउलींचा समाधी सोहळा चालू होता, त्याच दिवशी पंचवीसेक किलोमीटरवर पुण्यात महात्मा फुले वाड्यात बाबा आढाव आत्मक्लेश उपोषणाला बसले. वय ९४. हमालांसाठी झिजलेला, 'एक गाव एक पाणवठा' घेऊन गावोगाव हिंडलेला माणूस, निवडणुकीतल्या पैशाबद्दल आणि मतदान यंत्रांबद्दल प्रश्न विचारत होता. त्यांचं म्हणणं पटो न पटो. पण चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसाला विसावा घ्यावासा वाटला नाही आणि आपण इथे चॅनेल बंद करायचं म्हणतोय!

काळ्या रानातला

बीडचं नाव आलंय म्हणून लिहितो. दादा, लिहिलंय चांगलं, पण जिथं विसावा घ्यायला धाडताय ती जागा तरी मोकळी आहे का ते बघा.

आमच्याकडं यंदाच्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, नारायणगडावर जरांगे पाटलांचा मेळावा आणि सावरगावच्या भगवान भक्तीगडावर पंकजाताईंचा. दोन्हीकडं अफाट माणूस. आणि गंमत अशी की भगवानबाबा मूळचे नारायणगडाच्याच परंपरेतले. वारकरीच. एकाच माळेतले हे गड, पण आता कोण कुठल्या गडावर जातो यावरून आडनाव ओळखायला लागलेत.

हरिनाम सप्ताहाचंही तेच. पूर्वी पत्रिकेत कीर्तनकारांची नावं ठळक असायची. आता वर नेत्याचा फोटो, खाली भावी नेत्याचा फोटो आणि महाराजांचं नाव भिंग लावून शोधायचं. आमच्या शेजारच्या गावात यंदा दोन गटांचे दोन सप्ताह झाले. हरिपाठ एकच, भोंगे दोन, तेही एकमेकांकडं तोंड करून. यात कुठं टेकायचं सांगा.

इंद्रायणीकाठचा

ताई, अभंग पुढे वाचा ना. मुक्ताबाईचा हट्ट कशासाठी आहे? 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा.' ती भावाला आत निवांत बस म्हणत नाही, बाहेर ये म्हणते. सोसायला सांगते ते दार उघडण्यासाठी. आणि सांगणारी जिंकलेल्या गटातली नाही. संन्याशाची पोर म्हणून वाळीत टाकलेलं तेच घर तिचंही आहे. त्यामुळे 'दडपशाही' हा शब्द इथे बसत नाही.

बाबा आढावांबद्दल आदरच आहे. पण त्यांनी मार्ग कुठला निवडला बघा. दुसऱ्याच्या घरावर मोर्चा नाही, स्वतःच्या जिवाला क्लेश. ही रीत कुठून आली?

स्पष्टवक्ती

'बसत नाही' कसं? तिने ते स्वतःच्या भावाला म्हटलं, तुम्ही सरसकट सगळ्यांना म्हणताय. फरक तिथेच आहे. घरातली माणसं एकमेकांना सोस म्हणतात तेव्हा सोसणं दोघांच्या वाट्याला येतं.

रीत कुठून आली म्हणताय, तर मे १९४७ आठवा. साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी बसले. चोखोबा गेले १३३८ साली, मंगळवेढ्यात, वेशीची भिंत अंगावर कोसळून. त्यांची समाधी महाद्वारापाशी, म्हणजे दाराबाहेरच. सहाशे वर्षं त्या पायरीवर डोकं टेकवून लोक आत गेले आणि चोखोबाचे लोक बाहेर राहिले. त्या सहाशे वर्षांत पसायदान म्हटलं जात नव्हतं का? रोज म्हटलं जात होतं. दार उघडलं ते कोणीतरी भांडायला बसलं तेव्हा. अभंगांची थोरवी मलाही कळते हो, आजीकडून ऐकतच वाढले. पण नुसत्या म्हणण्याने काय होतं याचा सहाशे वर्षांचा पुरावा पंढरपुरात उभा आहे.

जुना मास्तर

दोघेही वारकरी संप्रदायातच फिरताय. थोडं मागे जा.

निवडणूक नव्हे, पण घराणं उभं फाडणारी लढत महाभारतात आहेच आणि तिच्यानंतर काय, यावर अख्खं शांतिपर्व आहे. अठरा पर्वांत सर्वांत मोठं. नाव शांतीचं, पण उघडून बघा. सुरुवातच भांडणाने होते. जिंकलेला युधिष्ठिर म्हणतो, मला हे राज्य नको, मी वनात जातो. त्यावर भीम, अर्जुन, द्रौपदी त्याला असं झोडपतात की बस्स. द्रौपदीचं म्हणणं साधारण असं, की आम्हाला वनात आशा दाखवल्यास आणि आता राज्य हातात आल्यावर हे वैराग्य? स्पष्टवक्ती ताईंना ती आवडेल.

मग सगळे शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे जातात. तो म्हातारा त्याला जप कर, विसर, असं सांगत नाही. आधी राजधर्म शिकवतो, मग आपद्धर्म. मोक्षधर्म सर्वांत शेवटी. कर कसा घ्यावा, अधिकारी कसे नेमावेत, सगळं. त्यात गणराज्यांवरचा भाग यंदा प्रत्येक आमदाराला शपथेआधी वाचून दाखवावा असा आहे. भीष्म म्हणतात, गणांचा नाश आतल्या फुटीने होतो. फूट पडते लोभाने आणि दुसऱ्याचं सहन न झाल्याने. आणि शत्रू गणांना नमवतो ते भेदाने आणि पैसे चारून. अडीच वर्षांच्या बातम्या आणि हा अध्याय शेजारी ठेवून वाचा, नावं तेवढी घालायची बाकी आहेत.

मला शांतता मिळते ती या वाचनाने. हे सगळं आधी घडून गेलंय आणि तरी माणसं पुन्हा राज्य चालवायला लागली, एवढं कळलं की झोप लागते.

हडसनपारचा जोशी

आमच्याकडे अमेरिकेत ५ नोव्हेंबरला एक निवडणूक, २३ ला तुमचा निकाल. मित्रमंडळींच्या एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन देशांची भांडणं. आमचा थँक्सगिव्हिंगही यंदा अठ्ठावीसलाच आला आणि जेवणाआधीच ताकीद मिळाली, राजकारण काढायचं नाही. काढलं नाही. शांतता होती. पण ती टर्की संपेपर्यंतच टिकली. भांडण नुसतं झाकून ठेवलं तर ते मुरतं, एवढाच माझा अनुभव.

काळ्या रानातला

मास्तर, तुमचं पटलं, पण शांतिपर्व आमच्या पारावर कोण वाचणार? तिथं जे चालतं तेच धरावं लागेल. चालतो सप्ताह. म्हणून चिडून लिहिलं तरी तो सोडवत नाही.

पहाऱ्याचा वीणेकरी

मघापासून वाचतोय. सप्ताहाचा विषय निघाला म्हणून उतरलो.

पत्रिकेवर कोणाचाही फोटो असो, मंडपात एक गोष्ट अजून टिकून आहे. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहाऱ्यांची यादी लागते, रात्री दोनचा, तीनचाही पहारा असतो, आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. वय, जात, गट बघत नाहीत. यादी लावणारा शहाणा असेल तर दोन गटांच्या लोकांचे पहारे मुद्दाम लागोपाठ लावतो. रात्री तीनला मंडपात बघायला कोणी नसतं, त्यामुळे नाटक करायचीही सोय नाही. पाया पडावंच लागतं.

यानं मनं जुळतात असं मी म्हणत नाही. पाया पडून बाहेर गेलेला माणूस सकाळी सोसायटीच्या कचेरीत त्याच माणसाविरुद्ध अर्ज देतानाही पाहिलाय. पण ज्याच्या पाया पडलो त्याच्या दुकानावर बहिष्कार घालताना जीभ जराशी अडते. तेवढं अडणंही थोडं नाही.

स्पष्टवक्ती

हे मला चालेल, कारण यात झुकणं दोन्ही बाजूंना आहे. एकच विचारते. यादीत बायकांची नावं असतात का? आणि वस्तीतली?

पहाऱ्याचा वीणेकरी

वस्तीतली असतात, आमच्याकडे तरी. बायकांचे पहारे काही गावांत दिवसा लागतात, आमच्याकडे नाहीत. वीणेला बाई नको म्हणणारे जुने लोक आहेत आणि तेच मंडपाची सगळी कामं करतात, म्हणून कोणी बोलत नाही. तुम्ही बोलणार हे दिसतंय.

इंद्रायणीकाठचा

बोलाच. मुक्ताबाईचे अभंग म्हणायचे आणि तिलाच वीणा द्यायची नाही, हे मलाही झेपत नाही. माझा आग्रह तेवढा ठेवतो, भांडायला जाण्याआधी माणसाने दोन दिवस गप्प बसावं. थकलेला माणूस भांडत नाही, नुसता ओरडतो.

स्पष्टवक्ती

दोन दिवस मान्य. पण हीच सवलत दोन्ही गटांना, आणि आधी डीजेवाल्यांना.

काळ्या रानातला

आमचा सप्ताह माघात आहे. यंदा वर्गणी घरटी सारखी घ्यायची आणि पत्रिकेवर फोटो कोणाचाच नाही, असा विषय मी ग्रामसभेत काढणार आहे. एकजण आत्ताच म्हणाला, मग शेवटच्या दिवशीच्या पंगतीचे पैसे कोण देणार? त्याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. कोणाच्या गावात असं केलं असेल तर खर्च कसा भागवला ते इथं लिहा.