४८६ वर कॉन्ट्रा हिसके का देत होता? बाबांना उत्तर द्यायचंय

चरईकर (ठाणे)

प्रश्न जुना आहे, पण घरात अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९७ साली मी आठवीत होतो. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. ४८६ प्रोसेसरचा, कॅबिनेटवर टर्बोचं बटण आणि त्याच्या शेजारी हिरव्या आकड्यांत ६६, म्हणजे मेगाहर्ट्झमधला वेग. आमच्या चाळीतला तो पहिला कॉम्प्युटर. बाबा लोकांना तो आकडा बोट लावून दाखवायचे.

माझा मामेभाऊ वाशीला राहायचा. तेव्हा ठाणे-वाशी लोकल नव्हती, बसने जावं लागायचं. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा साधा गेम होता, काही शे रुपयांचा, पिवळ्या कॅसेटचा. कॅसेट लागली नाही की फुंकर मारून परत बसवायची. त्याच्यावर कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम असा काही पळायचा की बस! जंगल मागे सरकतंय, गोळ्या उडतायत, गाणं चालू आहे, सगळं लोण्यासारखं.

स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी कॉन्ट्राची फ्लॉपी आणली. दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ आमच्याकडे आला तेव्हा मोठ्या उत्साहाने लावली. पडदा हिसके देत सरकत होता. आवाज म्हणजे कॅबिनेटच्या आतून येणारी पिकपिक. त्याने दोन मिनिटं कीबोर्ड बडवला आणि म्हणाला, "आमच्याकडचा चांगलाय रे." बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन रिक्षात घालून दुकानदाराकडे नेलं. त्याने तपासलंही नाही, म्हणाला, "गेम खेळायला घेतलंत का?" तसेच परत आले. आज बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि आपल्याला खराब मशीन गळ्यात मारलं असं त्यांना अजूनही वाटतं. गेल्या आठवड्यात पुन्हा तो विषय निघाला.

तर जाणकारांनी सांगावं: त्या टीव्ही गेमचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचासुद्धा नव्हता असं वाचलं. आमचा ६६ चा. मग तो हरला कसा? मशीन खरंच खराब होतं का?

रबाळे एमआयडीसी

चरईकर, मशीन ठणठणीत होतं. हे बाबांना आजच सांगा, बाकीचं नंतर वाचा.

मी डिस्प्लेच्या बोर्डांवरच काम करतो, त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. तुमच्या मामेभावाकडे होती ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र १९८३ चं, प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. पण चित्र काढण्याचं काम तो प्रोसेसर करतच नव्हता. त्यासाठी पीपीयू नावाची वेगळी चिप होती. मागचं जंगल म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्या. कुठली फरशी कुठे बसवायची, ते एकदा चिपच्या हवाली केलं की पडदा सरकवायला प्रोसेसरने तिला नवा आकडा द्यायचा, इतकंच. पुढे काठावर येणाऱ्या नव्या फरश्या तेवढ्या भरत राहायच्या. माणसं आणि गोळ्या म्हणजे स्प्राइट, ६४ पर्यंत, तेही तीच चिप जंगलावर आणून ठेवायची. (एका आडव्या ओळीत ८ च्या वर गेले की लुकलुकायचे. आठवतंय ना, गर्दी झाली की सैनिक अर्धवट दिसायचे?)

पीसीत यातलं काहीच नव्हतं. स्प्राइट नाहीत, फरश्या नाहीत. ३२० बाय २०० चा सोळा रंगांचा पडदा म्हणजे ३२,००० बाइट, आणि साध्यासरळ पद्धतीने गेलात तर प्रोसेसरने ते सगळे दर वेळी स्वतः हलवायचे. पीसी हिशोबाला बनवलेला, धावत्या जंगलाला नाही. त्यात पीसीवरचा कॉन्ट्रा १९८८ चा. तेव्हा लोकांकडे ४.७७ मेगाहर्ट्झची मशीनं असायची, खेळ त्यांना झेपेल असाच लिहावा लागायचा. तुमच्या ६६ च्या ताकदीला त्यात कामच नव्हतं.

पण "पीसीला जमत नव्हतं" यावर थांबू नका. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत जॉन कारमॅक आणि टॉम हॉल या गेम बनवणाऱ्या दोघांनी रात्रभर बसून निन्टेन्डोच्या सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली, न अडखळता सरकणारी. कारमॅकची युक्ती अशी: ईजीए नावाच्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी दिसणाऱ्या पडद्यापेक्षा मोठी असते, तेव्हा चित्र न हलवता ते कुठून दाखवायला सुरुवात करायची तेवढं बदलायचं आणि ज्या फरश्या खरोखर बदलल्या तेवढ्याच नव्याने काढायच्या. निन्टेन्डोला तो नमुना दाखवला, त्यांनी नको म्हटलं. मग त्याच तंत्रावर डिसेंबर १९९० मध्ये कमांडर कीन हा गेम आला. तुमच्या ४८६ वर तो पाण्यासारखा वाहिला असता. १९९४ चा जॅझ जॅकरॅबिटसुद्धा.

मशीन चांगलं होतं, फ्लॉपी चुकीची मिळाली.

ऐरोली सेक्टर ८

त्याच कारमॅकची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचा डूम हा गेम प्लेस्टेशनवर १९९५ ला आला, मस्त. सेगा सॅटर्न या दुसऱ्या गेमयंत्रावर १९९७ ला आला तो रडतखडत. सॅटर्नमध्ये तर दोन प्रोसेसर! ते काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने सॅटर्नच्या चित्रं काढणाऱ्या चिपवर डूम चालवायला घेतला होता, पण भिंतींवरची नक्षी जवळून वाकडी दिसते म्हणून कारमॅकने ती पद्धत नाकारली आणि सगळं प्रोसेसरवर आलं. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच म्हटलं की प्रयोग करू द्यायला हवा होता. चिप होती, वापरू दिली नाही.

कोपरीचे काका

माझ्याकडे ऐंशीच्या दशकात स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर होता, पुण्याची डेसिबेल्स कंपनी विकायची तो. त्यामुळे माझं उदाहरण त्या काळातलं, आणि मला ते सगळ्यात जास्त लागतं, कारण तिथे चिपची सबबच नाही.

ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रमच्या समोर ॲमस्ट्रॅड सीपीसी होता. दोघांत एकच झेड८० प्रोसेसर, वेगही जवळपास सारखा. स्पेक्ट्रममध्ये ८ बाय ८ च्या एका चौकोनात दोनच रंग. ॲमस्ट्रॅड २७ रंगांतले १६ एकदम दाखवायचा. मग खेळ ॲमस्ट्रॅडवर सुंदर दिसायला हवेत की नाही? पण स्पेक्ट्रमचा बाजार मोठा. कंपन्या आधी त्याच्यावर खेळ लिहायच्या आणि तोच कोड उचलून ॲमस्ट्रॅडवर ठेवायच्या, चार रंगांत. त्यातून स्पेक्ट्रमचा पडदा ६,९१२ बाइटांचा आणि ॲमस्ट्रॅडचा १६ किलोबाइटांचा. म्हणजे दुपटीहून जास्त ओझं, प्रोसेसर तोच. रंग गेले आणि वेगही गेला. १९८८ चा आर-टाइप हा खेळ असाच आला होता. २०१२ मध्ये हौशी मंडळींनी तो १२८ किलोबाइटच्या ॲमस्ट्रॅडसाठी नव्याने केला, भरगच्च रंगांत. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा गलबलून आलं. यंत्रात हे सगळं पहिल्या दिवसापासून होतं. कुणीतरी चार महिने बसायला हवं होतं, एवढंच.

रबाळेकर, तुमचं पीपीयूचं म्हणणं बरोबरच आहे. पण चरईकरांच्या वडिलांना सांगताना हेही सांगा. कॉन्ट्रावर कुणी कारमॅकसारखी रात्र घालवली नाही.

चरईकर (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "दुपटीहून जास्त ओझं, प्रोसेसर तोच" हे त्यांना पटकन कळलं, आयुष्यभर हिशोब लिहिलेत त्यांनी.

मग लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) कमांडर कीन लावला. बाबा चष्मा लावून जवळ बसले. कीनकडे बघत नव्हते, मागचा पडदा बघत होते. मला दोनदा डावीकडून उजवीकडे चालवायला लावलं. म्हणाले, "हा आपल्या मशीनवर चालला असता?" मी म्हटलं, हो. "१९९० चा आहे म्हणतोस. म्हणजे आपण घेतलं तेव्हा सात वर्षांचा जुना." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, माळ्यावरचं खोकं काढ.

काढलंय. टर्बोचं बटण अजून टकटक करतं. रबाळेकर, प्लग लावायच्या आधी काय तपासू?

रबाळे एमआयडीसी

अजिबात लावू नका अजून! कॅबिनेट उघडून मदरबोर्डावर, बहुतेक कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या पिंपासारखी छोटी बॅटरी दिसते का बघा. ती निकेल-कॅडमियमची, वर्षानुवर्षं पडून राहिली की गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. असेल तर आधी कापून काढा आणि आजूबाजूचा फोटो टाका. हिरवं दिसलं तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

चरईकर (ठाणे)

आहे. निळीच आहे, आणि खाली बोटभर हिरवं झालंय. दोन रेषा गेल्यासारख्या वाटतात. फोटो टाकतोय. बाबा टॉर्च धरून उभे आहेत आणि विचारतायत, त्या दोन रेषांवर तार जोडता येते का?

रबाळे एमआयडीसी

येते. रविवारी मोकळा आहे, सोल्डरिंग गन घेऊन मीच येतो. पत्ता निरोपात कळवा.