बाळाला सांभाळायला मावशी ठेवताना ट्रायलचे दिवस: तुमचे अनुभव सांगा

26 आठवड्यांची रजा संपत आली आहे. घर घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीला, लेक साडेपाच महिन्यांची. सोमवारपासून एक मावशी तीन दिवस ट्रायलला येणार आहेत. त्या तीन दिवसांत नेमकं काय बघायचं, पैसे द्यायचे का, मी घरात थांबायचं की बाहेर जायचं? तुमच्याकडे कसं झालं ते सविस्तर लिहा, प्लीज.

नेरूळ
पैशांचं आधी सांगते. द्यायचेच. महिन्याच्या पगाराला 26 ने भागून येईल तो रोज, आणि संध्याकाळी त्या निघताना हातात.
पहिल्या दिवशी सगळं मीच केलं, त्या नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी केलं, मी बाजूला बसले. दूध छान बनवलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. पण मुलाने अर्धी बाटली सोडली तेव्हा झाकण लावून ओट्यावर ठेवली, "नंतर देऊ" म्हणाल्या. मी सांगितलं, पावडरचं उष्टं दूध तासाभरात टाकून द्यायचं, पुन्हा पाजायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत त्यांनी बाटली सिंकमध्ये रिकामी केली आणि घासायला घेतली. त्याच क्षणी माझं ठरलं. चूक कोणाकडूनही होते. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी लक्षात राहतं का, ते बघा.

वर्तकनगर
आम्ही पहिल्या वेळी ट्रायलचे पैसे दिले नव्हते. दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. चूक आमची होती. आजही वाईट वाटतं.

खारघर
आमचा मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा होता. परकं माणूस दिसलं की भोकाड. पहिल्या ताईंना आम्ही दोनच दिवसांत नाही म्हटलं, तो रडतो म्हणून. त्या वयात परक्याची भीती वाटतेच, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या ताईंवर अन्याय झाला.
पुढच्या वेळी ट्रायल आठ दिवसांची ठेवली. नव्या मावशींनी पहिले दोन दिवस त्याला उचललंच नाही. हॉलमध्ये फरशीवर बसून स्टीलच्या दोन वाट्या आणि एक चमचा घेऊन स्वतःच खेळत राहिल्या. टण, टण. तिसऱ्या दिवशी हा रांगत गेला आणि त्यांच्या हातातला चमचा ओढला. ओळख व्हायला वेळ द्या, तीन दिवस सगळ्यांनाच पुरत नाहीत.

कळवा
मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. माझी आई पंधरा वर्षं लोकांची मुलं सांभाळायची. ट्रायलला गेली की बऱ्याच घरी "बाळ झोपलंय तर एवढी भांडी घासून टाका" ठरलेलं असायचं. कामाचं आधीच स्पष्ट बोला: बाळाचे कपडे, बाटल्या, खाणं, बस. आणि पहिल्या दिवशी आल्या आल्या पाणी कुठे, बाथरूम कुठे, डबा कुठे बसून खायचा, हे दाखवा. आई एका घरी दिवसभर विचारायला लाजली होती. ट्रायल त्यांचीही असते, तुमच्या घराची.

ऐरोली
बाबा लिहितोय. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंही दोन तास बाहेर गेलो, आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी परतलो. मुलगी मोबाइलसमोर, तोंडात घास. मोबाइल द्यायचा नाही हे आम्ही कधी बोललोच नव्हतो! मग काजळ, घुटी, नाकात तेल, वर्षाच्या आत मध, काय काय नको ते कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आणि वाचूनही दाखवलं. कॅमेरा असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका. आधारची प्रत, फोटो, आधीच्या घरचा फोन नंबर घ्या आणि पोलिसांकडे नोंद करा.

ठाणे पूर्व
आमच्या मावशी दिव्याहून येतात. ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी पावसाने लोकल अडकल्या. सव्वासातला फोन: "ताई, गाडी हलत नाहीये, तुम्ही ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवून ठेवा." दहाला भिजून पोचल्या, आधी हातपाय धुतले, कोरडी साडी नेसल्या, मगच बाळाला घेतलं. आता चौथं वर्ष चालू आहे.