सांगली-मिरजेत केसांची गांजा चाचणी होते का? मदत हवी आहे

मावसभावाला जहाजावरच्या नोकरीसाठी कंपनीने केसांची ड्रग टेस्ट मागितली आहे. मिरज आणि सांगलीतल्या लॅबमध्ये विचारलं, सगळीकडे लघवीची टेस्ट करून देतो म्हणतात. तिचा उपयोग नाही. लघवीत फार तर काही आठवड्यांचं कळतं, कंपनीला मागच्या तीन महिन्यांचं हवंय.

डोक्याचा केस महिन्याला साधारण १ ते १.३ सेंमी वाढतो, म्हणून तीन महिन्यांसाठी टाळूलगत कापलेले ३ ते ४ सेंमी लांबीचे केस लागतात, इथवर समजलंय. पण पठ्ठ्याने मशीन मारून घेतलंय! छातीचे केस चालतील असं एका लॅबवाल्यांनी सांगितलं. अंगावरचे केस वेगळ्या गतीने वाढतात आणि एका लांबीला थांबतात, मग त्यावरून तीन महिन्यांचा हिशेब कसा लावणार?

शिवाय रिपोर्टमध्ये नुसतं टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) नको, कार्बॉक्सी-टीएचसी हवं. टीएचसी दुसऱ्याच्या धुरातूनही केसांवर बसू शकतं, कार्बॉक्सी शरीरातच तयार होतं. ते केसांत अगदी पिकोग्रॅममध्ये असतं, त्यामुळे मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीने) खात्री करणारीच लॅब पाहिजे.

पुणे-मुंबईला जायची तयारी आहे. सॅम्पल लॅबच्याच माणसाने घेऊन सील करायला हवं, घरून कुरियर चालणार नाही. 'स्वच्छ' करणारे शाम्पू कृपया सुचवू नका, तो ओढत नाही.

कोणी अशी टेस्ट करून घेतली आहे का? कुठे, आणि केस वाढेपर्यंत थांबावं लागलं की छातीचे केस कंपनीने मान्य केले?