मदत हवी आहे: आर्किटेक्टशी करारात काय काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात २ गुंठ्यांच्या एनए (बिगरशेती) प्लॉटवर तळमजला अधिक एक असं घर बांधतोय. आर्किटेक्टचं ऑफिस छोटं, दोघंच जण, पण समजावून सांगण्याची हौस दांडगी. आईला देवघराची भिंत संडासाला लागून नको होती, तर त्यांनी जिनाच दुसऱ्या बाजूला नेला आणि स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी मिळाली.

आता बांधकाम परवानगी हातात आली आहे. फी टप्प्याटप्प्याने द्यायची, हे मान्य. पण कोटेशनमध्ये नुसतं 'ड्रॉइंग व परवानगी' असं लिहिलंय. जोते तपासणी (पाया जोत्यापर्यंत आल्यावर होणारी) आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची परवानगी), ही कामं त्यातच धरायची का? आरसीसी डिझायनरची (सळई-काँक्रीटचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची) फी वेगळी असते ना?

खरी धाकधूक स्लॅबची. ठेकेदार म्हणतो, "सळई मी बघतो, साहेबांना कशाला बोलवता?" मला हे पटत नाही. काँक्रीट ओतण्याआधी सळई कोणी तपासून लेखी द्यायची, आर्किटेक्टने की आरसीसीवाल्याने? साइट व्हिजिट तुम्ही करारात कशा मांडल्या, महिन्याला की टप्प्याला?

ज्यांनी नुकतंच घर बांधलंय त्यांनी कृपया सांगा. वास्तुशास्त्राचे सल्ले नकोत, ते घरात भरपूर आहेत!