शब्दचर्चा : गुडघ्याच्या ऑपरेशनमधली ‘अलाइनमेंट’ मराठीत कशी म्हणायची?

शेवगा :
एका रुग्णालयाची सांधेरोपणाची माहितीपत्रिका मराठीत करते आहे. गुडघा बदलताना पायाची ‘अलाइनमेंट’, म्हणजे मांडी आणि नडगीची हाडं एकमेकांशी कोणत्या कलात बसवायची, याच्या तीन पद्धती त्यात आहेत : मेकॅनिकल, कायनेमॅटिक आणि फंक्शनल. आधीच्या कुणीतरी त्यांचं यांत्रिक संरेखन, शुद्धगतिक संरेखन, कार्यात्मक संरेखन करून ठेवलंय. आईला वाचून दाखवलं, कारण पुढच्या महिन्यात तिचाच डावा गुडघा आहे. ती म्हणाली, “यांत्रिक म्हणजे ते रोबोवालं ना? महाग असतं ते, नको.” संरेखनावर तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

अस्थिपंजर :
आईंचं काही चुकलेलं नाही. मराठीत ‘यांत्रिक’ म्हटलं की एक तर यंत्र आठवतं, नाहीतर घोकंपट्टी. आणि ही पद्धत तर तिघींत सगळ्यात जुनी. जॉन इन्सॉल आणि त्यांच्या काळच्या सर्जन मंडळींनी 1970–80 च्या दशकांत ती रुळवली, तेव्हा ऑपरेशन थिएटरात रोबो कुठला! खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेष ओढायची आणि ती गुडघ्याच्या मधोमध जाईल असं करायचं. त्यासाठी मांडीचं आणि नडगीचं हाड आपापल्या अक्षाला काटकोनात कापतात. मी पेशंटला ‘काटकोनी पद्धत’ म्हणून सांगतो. रोबो कुठल्याही पद्धतीत वापरता येतो, ते वेगळं प्रकरण आहे, हे पत्रिकेत स्वतंत्र वाक्यात लिहाच.

जुनी_फिल्म :
तीस वर्षं एक्स-रे काढले. खुब्यापासून घोट्यापर्यंतची लांब फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायची, पट्टी धरायची आणि पेन्सिलने रेष मारायची. पेशंट विचारायचे, “काय दिसतंय?” मी सांगायचो, “ओळंबा सुटलाय.” खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही लगेच कळायचं. ओळंबा घ्या.

गवंड्याचा_नातू :
काका, शब्द झकास आहे पण लागू पडत नाही. ओळंबा म्हणजे भुईला लंब. माणूस उभा राहतो तेव्हा खुबे लांब असतात आणि घोटे जवळ, त्यामुळे तुमची ती रेष खाली येताना आत कलते. साधारण 3 अंशांनी, असं वाचलंय. आमच्या आजोबांनी असली भिंत पाडायला लावली असती. ‘भाररेषा’ म्हणा. शरीराचा भार जिथून खाली उतरतो ती रेष.

जुनी_फिल्म :
मान्य. भाररेषा चालेल. ओळंबा तोंडी बोलण्यापुरता राहू दे.

पोथीचाळ्या :
जाता जाता एक मौज. गुडघे बाहेर गेलेल्या पायांना डॉक्टर ‘व्हेरस’ म्हणतात आणि गुडघे एकमेकांना घासतात त्यांना ‘व्हॅल्गस’. जुन्या लॅटिनमध्ये हे बरोबर उलटं होतं! वैद्यकात शिरताना अर्थांची अदलाबदल झाली. इसवी सन 9 मध्ये ट्युटोबर्गच्या जंगलात तीन लीजन सैन्य गमावलेल्या रोमन सेनापतीचं उपनाव व्हेरस, ते याच शब्दावरून. आपल्याकडे डॉक्टरांच्या ‘व्हेरस’साठी ‘फेंगडे’ आहे. फक्त काही जण पावलं फाकवून चालण्यालाही फेंगडंच म्हणतात, तेव्हा सोबत चित्र असू द्या.

शेवगा :
मग मी ‘पाय सरळ करणे’ लिहू का? साधं आहे, आईलाही कळेल.

अस्थिपंजर :
तिथेच गोम आहे ताई. ‘सरळ करणे’ म्हटलं की तुम्ही एका पद्धतीच्या बाजूने निकाल देऊन मोकळ्या झालात. भांडण नेमकं यावर आहे की पाय मुळात सरळ होता का. बेल्जियममध्ये बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी 20 ते 27 वयाच्या, गुडघ्याची तक्रार नसलेल्या 250 जणांचे पाय मोजले. 2012 मध्ये छापून आलं : 32 टक्के पुरुष आणि 17 टक्के बायका जात्याच 3 अंश किंवा जास्त फेंगड्या. म्हणजे पाय वाकडा दिसतो तो सगळाच झिजेने झालेला नसतो, थोडा मुळातलाच असतो. कायनेमॅटिकवाल्यांचं म्हणणं हेच. स्टीफन हॉवेल या सर्जननी 2006 मध्ये ही पद्धत सुरू केली : हाड आणि झिजलेली कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर) मिळून कृत्रिम सांध्याच्या जाडीइतकंच काढायचं, म्हणजे सांध्याचा पृष्ठभाग झिजेआधी होता तिथेच येतो.

कृत्रिम सांधा सरळ बसवला तरच टिकतो, हे आम्हाला पाठ करून घेतलं होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2010 मध्ये 398 गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब छापला, त्यात भाररेषेच्या 3 अंशांच्या आत बसवलेले गुडघे जास्त टिकले असं दिसलं नाही. तरी फार वाकडा पाय तसाच ठेवायला मी अजून कचरतो. बरेच जण मूळ वळण जपतात, पण त्याला मर्यादा घालून.

गवंड्याचा_नातू :
मग ‘ठेवण’ का नको? चेहऱ्याची ठेवण, दातांची ठेवण, तशी पायाची ठेवण. मुळात आहे ती, कुणी रेघेत आणलेली नव्हे.

अस्थिपंजर :
वा! कायनेमॅटिकला ‘मूळ ठेवणीची पद्धत’, पक्कं. फंक्शनलमध्ये आधी आराखडा करतात, मग गुडघ्याच्या दोन्ही अंगांच्या बंधांचा (हाडांना जोडून ठेवणाऱ्या लिगामेंटचा) ताण बघून, शक्यतो बंध कापून सैल न करता, सांध्याची जागा अंशा-अंशाने हलवतात. ‘ताण पाहून बसवणे’ असं लिहिलंत तरी पुरे.

शेवगा :
तर असं ठरतंय : अलाइनमेंट म्हणजे पायाची ठेवण, मेकॅनिकल ॲक्सिस म्हणजे भाररेषा. पद्धती : काटकोनी, मूळ ठेवणीची, ताण पाहून. इंग्रजी नावं देवनागरीत शेजारी देईन, नाहीतर डॉक्टरांशी बोलताना पेशंटची पंचाईत. आईला पुन्हा वाचून दाखवलं. म्हणाली, “माझे पाय आजीवर गेलेत, ते डॉक्टरांना सांग.”

एकच अडलंय. सगळीकडे ‘वाटी बदलली’ म्हणतात, पण वाटी पुष्कळदा जागेवरच असते आणि हाडांच्या टोकांवर धातूचं आवरण बसतं. शीर्षकात ‘वाटी’ ठेवू की काढू? सोमवारी छपाईला जातंय.

जुनी_फिल्म :
ठेवा. वाटी काढलीत तर पत्रिका कशाची आहे तेच कुणाला कळायचं नाही. खुलासा आत करा.